गॅस संपत नसतो ओ, गळतो

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि दुरुस्ती

एप्रिल लागला की माझ्याकडं येणारे प्रश्न आपोआप एकाच विषयाचे होतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत एसीचं नाव कुणी काढत नाही, आणि पारा चाळिशी ओलांडून गेला की सगळ्यांना एकदम आठवतं की गाडीत एसीचं एक बटण आहे आणि ते दाबलं तर नुसतं गरम वारं येतंय. यावेळी पाच प्रश्न घेतलेत, पाचही जुन्या गाड्यांचे. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण बाकीच्या निम्म्या लोकांचं उत्तर त्यातच हाय.

प्रश्न : सर नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो, शिक्षक आहे. माझी २००९ ची पेट्रोल गाडी आहे (नाव छापू नका, मेव्हण्याकडून घेतलीय, उगं विषय नको). ९६ हजार किलोमीटर झालेत, आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतलीत म्हणून विकायचा विचार नाही. दर मार्चमध्ये एसीचा गॅस भरतो. आधी वर्षभर जायचा, मग सहा महिने, यंदा तीन आठवड्यांत गरम हवा. तीन ठिकाणी दाखवली. एकजण म्हणतो कंप्रेसर गेला, दुसरा म्हणतो कुलिंग कॉइल, तिसरा म्हणतो जुनी गाडी आहे सर, पूर्ण किटच बदला, ३८ हजार. नक्की काय बदलू? मिसेस म्हणतात खिडक्या उघड्या ठेवून चालवा.

उत्तर : सर, वहिनींना सांगा मे महिन्यात दुपारी दोनला होटगी रोडला खिडकी उघडून एकदा जाऊन बघा, मग आपण बोलू.

आता मुद्द्याचं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नसतो. तो बंद पाइपात गोल गोल फिरतो, कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर पडून त्याचं पाण्यासारखं पातळ द्रव होतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की एकदम गार पडतो, डॅशबोर्डच्या आतल्या कुलिंग कॉइलमध्ये उकळून तुमच्या केबिनची गरमी ओढून घेतो आणि परत कंप्रेसरकडं. फ्रीजमध्ये हेच चालतं, पण घरचा फ्रीज वीस वर्षं गॅस न भरता चालतो की नाही? गाडीत रबरी पाइप आहेत, जागोजागी जोड आहेत, सगळं हादरतंय, त्यामुळं वर्षाला थोडासा गॅस झिरपणार हे धरून चालायचं. पण तीन आठवड्यांत गेला म्हणजे कुठंतरी भोक आहे आणि तुम्ही दर मार्चमध्ये फुटक्या घागरीत पाणी भरताय.

तिघांनी तीन पार्ट सांगितले, पण लीक शोधला कुणी? तुमच्या पत्रात त्याचा एक शब्द नाही म्हणून विचारतो. आपल्याकडं शोधायचे पैसे द्यायला लोकांच्या जिवावर येतं. पार्टला आठ हजार देतील, पण फिटरनं दोन तास बसून लीक शोधला आणि हजार रुपये मागितले की "केलं काय तुम्ही, नुसतं बघितलं की" म्हणून भांडतात, मग फिटर पण शहाणा होतो आणि सरळ पार्टच सांगतो. तुम्ही आधीच सांगून टाका, शोधायचे पैसे वेगळे देतो, पार्टचं नंतर बघू.

शोधायचं कसं ते लिहितो म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. गॅसबरोबर सिस्टीममध्ये ऑइल फिरत असतं. जिथनं गॅस निसटतो तिथनं ऑइलही जरा जरा बाहेर येतं आणि त्यावर आपली सोलापुरी धूळ बसते. म्हणून बॉनेट उघडून टॉर्च मारायचा आणि पाइपांचे जोड, कंडेन्सरची जाळी, कंप्रेसरचा पुढचा भाग यावर कुठं काळपट चिकट डाग दिसतो का बघायचं. बाकी गाडी कोरड्या धुळीनं मळलेली आणि एकाच जोडावर मात्र बोट फिरवलं की तेलकट, असं दिसलं तर निम्मं काम झालं. कंप्रेसरच्या पुलीपाशी सील गळत असलं तर ऑइल उडून आजूबाजूच्या भागांवर पट्टा उमटतो.

नंतर नायट्रोजन. रिकाम्या सिस्टीममध्ये दीडशे ते दोनशे पीएसआय नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा. वर्कशॉपची टायरची हवा भरू द्यायची नाही, तिच्यात पाण्याची वाफ असते. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी जोडायला लागला तर सरळ गाडी घेऊन निघायचं, दाबातला ऑक्सिजन आणि ऑइल एकत्र आलं की स्फोट होतो. फेस लावल्यावर मोठा लीक लगेच फुगे सोडतो, बारीक असला तर पाच-दहा मिनिटं बघत बसावं लागतं, मग ताकावरच्या फेसासारखे बारीक पांढरे थेंब जमतात. अजिबात काही सापडलं नाही तर रात्रभर दाब ठेवून सकाळी काटा बघा, फक्त गाडी सावलीत पाहिजे, कारण थंड झाल्यावर काटा आपोआपच थोडा खाली येतो आणि मग उगंच लीक लीक म्हणून ओरड होते.

इथं एक चूक सर्रास होते. फिटर म्हणतो, "व्हॅक्यूम मारला, अर्धा तास काटा हलला नाही, लीक नाय." व्हॅक्यूममध्ये, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काढली की, बाहेरची हवा आत ढकलते, तो जोर जेमतेम १४ पीएसआय, आणि गाडी चालू असताना जास्तीच्या (म्हणजे जास्त दाबाच्या, कंप्रेसर ते कंडेन्सर) बाजूला आतनं बाहेर दोनशे-अडीचशे पीएसआय असतो. जे भोक व्हॅक्यूमला चिकटून बंद राहतं ते अडीचशेला तोंड उघडतं. व्हॅक्यूम गरजेचाच आहे, पण तो कशाला ते पुढं सांगतो.

कुलिंग कॉइलला फेस लावता येत नाही, ती डॅशबोर्डच्या आत असते. तिथं दोन गोष्टी चालतात. सिस्टीममध्ये थोडा गॅस ठेवून, पाणी ठिबकायची जी नळी गाडीखाली असते तिच्या तोंडाशी किंवा ब्लोअरच्या भोकात इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरचं नाक घालायचं. नाहीतर ऑइलमध्ये यूव्ही डाय घालून आठवडाभर गाडी वापरायची आणि मग अंधारात निळा टॉर्च मारायचा, लीक असेल तिथं पोपटी चमकतं. कॉइलचा लीक असला तर ही पोपटी चमक पाण्याच्या नळीच्या तोंडाशी दिसते. डॅशबोर्ड खोलायच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण डॅशबोर्ड एकदा खोलला की इतक्या जुन्या गाडीचे प्लास्टिकचे लॉक तुटतात आणि मग आयुष्यभर खराब रस्त्याला खडखड ऐकत बसायचं.

माझ्याकडं एकजण कंप्रेसर आणि कंडेन्सर दोन्ही नवीन टाकून आला होता, कुठल्या गावात टाकले ते सोडा. गॅस तरी महिन्यात गायब. बॅटरीच्या मागून जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, त्याची क्लिप कधीतरी तुटलेली, पाइप बॉडीच्या पत्र्याला घासत घासत एका जागी कागदाइतका पातळ झालेला. वरनं दिसतच नव्हता. मी बोट मागं घातलं, बोटाला ओलसर मऊ धूळ लागली, आरशानं बघितलं तर सुईच्या टोकाएवढा ठिपका. पाइप बदलला, रबराचा तुकडा घालून नवी क्लिप लावली. त्या माणसानं दोन मिनिटं बोलणंच बंद केलं होतं. आणि गॅस भरायच्या पिना पण बघा सर, दर वर्षी तिथं पाइप लावून काढून आतलं रबर मरतं. पिन काही रुपयांना मिळते आणि वरची प्लास्टिकची टोपी हरवलेली असते ती पण लावा, शेवटचं सील तीच असते.

आता बदलायचं काय. लीक ज्यात सापडेल ते, आणि त्याच्याबरोबर जे खोलावंच लागतं ते. कंडेन्सर असला तर कंडेन्सर, ड्रायर (ओल शोषणारा डबा) आणि त्या जोडांच्या ओ-रिंगा (रबरी कड्या). कुलिंग कॉइल निघाली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह त्याच वेळी बदलून टाका, तो तिथंच बसलेला असतो आणि मजुरी परत द्यायची नसेल तर हीच वेळ. कंप्रेसरचं सील गळत असेल पण कंप्रेसर आवाज न करता फिरत असेल तर काही मॉडेलला नुसतं सील मिळतं, नसलं मिळत तर कंप्रेसर. पूर्ण किट खरंच कधी लागतं ते पण सांगतो : कंप्रेसर आतनं जाम होऊन घासला आणि ऑइलमध्ये धातूची चमकी आली तर. पाइप खोलून पांढऱ्या कपड्यावर ऑइल पुसा, काळं आणि चकाकतंय असं दिसलं तर मग कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळं बदलायचं, कारण आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंग करून (आतनं धुऊन) तो कचरा पूर्ण निघत नाही आणि नवा कंप्रेसर तोच कचरा खाऊन परत मरतो. तुमचं ऑइल स्वच्छ असेल तर ३८ हजार खिशात ठेवा.

ड्रायरवर लोक कंजुषी करतात म्हणून जरा थांबतो. त्याच्या आत ओल शोषणारे दाणे असतात. सिस्टीम खोलली की हवेतली ओल ते पीत राहतात आणि एकदा भरले की संपलं. मग ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात बर्फ होऊन बसते. एसी पंधरा मिनिटं मस्त, मग गरम, मग बंद करून पुन्हा लावला की परत मस्त, असा खेळ दिसला तर बहुतेक तेच असतं. शिवाय आर-१३४ए गॅसच्या गाड्यांत जे पीएजी ऑइल असतं ते स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, ओल राहिली की आत अ‍ॅसिड तयार होतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. म्हणून नव्या ड्रायरची टोपणं अगदी शेवटी काढायची, आणि ऑइलचा डबा उघडा ठेवून कुणी चहाला गेलं असेल तर ते ऑइल आपल्या गाडीत नको. काही गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्याच बाजूला जोडलेला असतो, तुमची तशी आहे का ते बघून मग दुकानात जा.

ओ-रिंग बसवताना तिला त्याच ऑइलचा हात लावायचा, कोरडी बसवली की पिळते. ऑइल मोजून टाकायचं. नवीन कंप्रेसरमध्ये बऱ्याचदा पूर्ण सिस्टीमचं ऑइल भरूनच येतं, आणि तुमच्या पाइपांत जुनं थोडं असतंच, म्हणून जुन्यातनं किती निघालं ते मापात ओतून बघायचं आणि नव्यात तेवढंच ठेवायचं. नुसता कंडेन्सर बदलला तर साधारण २०-३० मिली वाढवायचं, नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. ऑइल जास्त झालं की कुलिंग कमी होतं, कमी झालं की कंप्रेसर जातो.

मग व्हॅक्यूम, किमान अर्धा-पाऊण तास. दाब इतका कमी झाला की आतलं पाणी नेहमीच्या तापमानाला उकळून वाफ होऊन पंपातनं निघून जातं, त्यासाठी तो. मुंबईच्या व्हिडिओत काटा २९ इंचांच्या पुढं जाताना दिसेल, आपला २८ च्या आसपास थांबतो म्हणून घाबरू नका, सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर उंचावर आहे, इथं मुळात हवेचाच दाब तेवढा कमी. दहा मिनिटं पंप फिरवून "झालं" म्हणणाऱ्याला बसवून चहा पाजा पण पंप बंद करू देऊ नका.

गॅस वजनानं भरायचा. बॉनेटखाली स्टिकर असतो, छोट्या गाड्यांना साधारण तीनशे ते सहाशे ग्रॅमच्या मधला आकडा असतो. डिजिटल काट्यावर डबा ठेवून तेवढाच. "जरा जास्त मारतो सर, उन्हाळा हाय" हे वाक्य ऐकलं की नको म्हणायचं, गॅस जास्त झाला की जास्तीच्या बाजूचा दाब वाढतो, कुलिंग उलट कमी होतं आणि कंप्रेसरवर ताण येतो. लीक बंद करणारं केमिकल कुणी घालू म्हणालं तरी नको, ते व्हॉल्व्हमध्ये पण घट्ट होऊन बसतं. आणि आत उरलेला गॅस पाइप ढिला करून हवेत सोडायला लावू नका, मशीननं काढून घेतात, हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा तेराशे-चौदाशे पट पृथ्वी तापवणारा आहे आणि सोलापूर आधीच पुरेसं तापलंय.

शेवटी बिल देण्याआधी दहा रुपयांच्या नोटेएवढा लांब डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खुपसा. गाडी सावलीत, खिडक्या बंद, आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, इंजिन जरा रेसवर. बाहेर ४० असताना १०-१२ च्या आसपास आकडा आला तर पैसे द्या. आणि थंडीत आठवड्यातनं एकदा दहा मिनिटं एसी लावत जा, कंप्रेसरच्या सीलला ऑइल पोचत राहतं. दिवाळीपासून होळीपर्यंत बटणाला हात लावला नाही की सील कोरडं पडतं, आणि तुमचा दर मार्चचा गॅस तिथनंच जात असला तरी मला नवल वाटणार नाही.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. गाडी २०११ ची. हायवेला एसी एकदम गार, पण सात रस्त्याला सिग्नलला थांबलं की गरम हवा येते, गाडी हलली की परत गार. गॅस दोनदा चेक केला, बरोबर आहे म्हणतात. आता कंप्रेसर वीक झाला म्हणतेत. काय करायचं सांगा की.

उत्तर : कंप्रेसरला हात लावू नका शेठ. पळताना गार आणि उभं राहिल्यावर गरम म्हणजे पुढच्या कंडेन्सरला हवा मिळत नाही. घरीच बघा, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडी उभी करा, पुढच्या जाळीतनं कंडेन्सरवर मगानं पाणी मारा (हात पंख्यापासून लांब). मिनिटभरात आत गार हवा आली तर गॅस पण बरोबर आणि कंप्रेसर पण बरोबर.

मग दोनच गोष्टी राहतात. पंखा आणि कचरा. एसी लावला की पंखा फिरायलाच पाहिजे, बऱ्याच गाड्यांत दोन असतात आणि त्यातला एक बंद पडलेला मालकाला वर्षभर माहीत नसतो. फिरतोय पण मंद, तर मोटारीचे कार्बन झिजलेत. फ्यूज आणि रिले आधी बघा, स्वस्तातलं काम.

पण तुमची गाडी दिवसभर लूमच्या शेडबाहेर उभी राहते ना, म्हणून माझा जास्त संशय कचऱ्यावर. कंडेन्सर आणि रेडिएटर एकमेकांना चिकटून उभे असतात, मधी बोटभर फट, आणि कापसाचं तूस पुढच्या जाळीतनं आत जाऊन त्या फटीत बसतं. वरनं कंडेन्सर चकचकीत दिसतो. एका गाडीचा रेडिएटर मागं सरकवल्यावर मधनं मी अख्खी गादी काढलीय, करड्या रंगाची, बोटाच्या जाडीची, चादरीसारखी सोलून हातात आली. पोरं म्हणाली याला वजनावर विकू. ज्वारीची मळणी चालू असताना रानाकडनं येणाऱ्या गाड्यांचं पण असंच होतं. तर दोन्ही जाळ्या वेगळ्या करून, साबणाचं पाणी मुरवून, आतल्या बाजूनं बाहेर साध्या नळीनं धुवायचं. गाडी धुवायचं प्रेशर गन जवळनं मारलं तर जाळीच्या पापण्या वाकतात आणि मग हवा कायमची बंद. तुमच्याकडं वर्षातनं दोनदा हे करावं लागणार, आणि गाडी शेडच्या पंख्याच्या तोंडाशी लावायचं सोडा.

प्रश्न : मालक, पंढरपूरला गाडी चालवतो भाड्यानं, २०१२ ची डिझेल. एसीच्या कंप्रेसरपाशी घर्र घर्र आवाज येतोय. नवीन १६ हजार सांगतेत, भंगारातला साडेचारला मिळतोय. पॅसेंजर एसी नाय तर बसत नाय. भंगारातला टाकू का?

उत्तर : आधी एक सांगा, एसी बंद असताना आवाज येतोय का? येत असेल तर तो पुलीचा बेअरिंग आहे दादा, कंप्रेसर नव्हं. पुली इंजिनच्या पट्ट्यावर कायम फिरते, आतला कंप्रेसर फक्त त्याचा चुंबकाचा क्लच (गियरचा नव्हं) चिकटल्यावर फिरतो. बेअरिंग वेगळा मिळतो, गॅस न काढता बदलता येतो, आणि बिल १६ हजाराच्या जवळपास पण जात नाही. एसी लावल्यावरच आवाज सुरू होत असेल तर मग आतलं काम. एसी लावल्यावर क्लच चिकटल्याचा "टक" आवाजच येत नसेल तर क्लचची कॉइल बघा, मीटरवर साधारण तीन-चार ओहम दाखवते. आणि क्लचची फट झिजून वाढली की गाडी तापल्यावर क्लच धरत नाही, गार असताना मात्र धरतो, हे बऱ्याच जणांना कंप्रेसर गेल्यासारखं वाटतं. फट अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास पाहिजे, मधली बारीक वायसर काढून कमी करता येते.

भंगारातला टाकायचाच असेल तर तो कसा ठेवलाय ते बघा. दोन्ही तोंडांना बूच असेल तर घ्यायचा विचार करा. तोंडं उघडी ठेवून पावसाळा काढलेला असेल तर फुकट पण नको, आत गंज आणि ओल. पुढची क्लचची चकती हातानं फिरवा, एकसारखी जड फिरली पाहिजे, मधी अडकली किंवा एकदम सैल फिरली तर ठेवून द्या. कंप्रेसर उलटा करून ऑइल पांढऱ्या कागदावर बघा, काळं निघालं तर नाही. आणि मॉडेल नंबर तोच पाहिजे, दिसायला सारखे असतात पण पुलीची लाइन दोन मिलीमीटर इकडं तिकडं असली की पट्टा कुरतडतो. बसवल्यावर इंजिन चालू करायच्या आधी कंप्रेसर दहा-बारा वेळा हातानं फिरवायचा, आत एका जागी साचलेलं ऑइल पसरतं, नाहीतर पहिल्याच फटक्याला व्हॉल्व्ह मोडतो. ड्रायर याच्यातही नवीनच. एवढं सगळं करून तुमच्या रोजच्या भाड्याच्या गाडीला मी नवीनच टाका म्हणेन, आषाढी वारीच्या गर्दीत मधीच बंद पडला तर साडेअकरा हजार वाचवलेले एका आठवड्यात जातात.

प्रश्न : काका, मी बार्शीचा, वय २४. आजोबांची ९६ सालची गाडी नीट करतोय. एसी ओरिजिनल आहे, गॅस आर-१२ लिहिलाय. इथं एकजण म्हणतो नवा गॅस मार, काही होत नाही. दुसरा म्हणतो मिक्स गॅस मारतो, स्वस्तात आणि जास्त गार. खरं काय?

उत्तर : दोघांचं पण ऐकू नको बाळा. आर-१२ ओझोनला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर बंद होत गेला, आपल्याकडं २०१० पासून असले गॅस बंद. त्यामुळं बदलावंच लागणार, पण नुसता नवा गॅस ढकलून चालत नाही. जुन्या सिस्टीममध्ये मिनरल ऑइल आहे, ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. मग ते कुठंतरी साचून बसतं, कंप्रेसरपर्यंत परत येत नाही, आणि कंप्रेसर कोरडा फिरून जातो. जुनं ऑइल जितकं निघेल तितकं काढायचं, पाइप फ्लश करायचे आणि एस्टर ऑइल टाकायचं, त्याला थोडं जुनं राहिलेलं चालतं. सगळ्या ओ-रिंगा हिरव्या, नव्या गॅसच्या. ड्रायर आर-१३४ए ला चालणारा. गॅस भरायच्या तोंडांना अ‍ॅडाप्टर, म्हणजे पुढच्या फिटरला कळेल आत काय आहे. आणि जुन्या वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरायचा.

आपल्या उन्हात आणखी एक अडचण. जास्त तापमानाला आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा वर जातो, आणि त्या काळचा गोल नळ्यांचा कंडेन्सर त्याला कमी पडतो. पुण्यात निभावेल, बार्शीत मे महिन्यात नाही. बजेट असेल तर नवीन पद्धतीचा चपट्या नळ्यांचा कंडेन्सर मापाचा बघून बसव आणि पुढं एक जादा पंखा, पैसे खर्च करायची जागा ही.

मिक्स गॅस म्हणजे बऱ्याचदा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. गार करतो हे खरं आहे, म्हणून तर विकला जातो. पण कुलिंग कॉइल तुझ्या गुडघ्यासमोर डॅशबोर्डच्या आत आहे, तिथं लीक झाला, खिडक्या बंद, आणि ब्लोअरच्या स्विचला ठिणगी. आजोबांच्या गाडीत ते नको. डबा सीलबंद आहे का, त्यावर आर-१३४ए लिहिलंय का हे बघून आपल्या समोर फोडायला लाव.

प्रश्न : मी अक्कलकोटची गृहिणी, गाडी मीच चालवते. एसीचा पंखा १, २, ३ ला फिरतच नाही, ४ ला एकदम जोरात. आणि पूर्वी गाडीखाली पाणी ठिबकायचं ते आता उन्हाळ्यात फार कमी ठिबकतं. एसी गेला का?

उत्तर : ताई, पाण्याचं काही नाही. ते पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की ठिबकायला पाणी आणायचं कुठनं. जूनमध्ये पाऊस पडला की बघा, धार लागेल. तेव्हाही ठिबकलं नाही आणि पायाखालची चटई ओली झाली तर मात्र नळी तुंबली असं समजा, खालनं पातळ तार हलकेच घालून मोकळी करतात.

पंख्याचं म्हणाल तर रेझिस्टर जळलाय. १-२-३ ला करंट त्याच्यातनं जातो, ४ ला थेट जातो म्हणून फक्त तोच चालतो. डाव्या सीटसमोर खणाच्या मागं असतो, दोन स्क्रू, पार्ट महाग नाही, कुणी ब्लोअरची पूर्ण मोटार सांगितली तर दुसरीकडं दाखवा. फक्त बदलायच्या आधी ब्लोअरचा पंखा हातानं फिरवून बघायला सांगा आणि केबिन फिल्टर काढून झटका. पंख्यात पानं, उंदरानं आणलेला कापूस असलं काही अडकून मोटार जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टर पण महिन्याभरात जळतो.